जम्प रेसिंगला घोडा कसा निवडायचा: आधी चिखल बघा, भाव सगळ्यात शेवटी

दरवर्षी मार्च उजाडला की ओळखीच्यांचे मेसेज चालू होतात, "चेल्टनहॅमला (जम्प रेसिंगचा मार्चमधला मोठा फेस्टिव्हल) चाललोय, कुठला घोडा लावू?" आणि सोबत स्क्रीनशॉट असतो तो बुकीच्या ॲपचा, म्हणजे भावांची यादी. चूक इथेच होते. एकदा भाव बघितला की आपलं डोकं तिथेच अडकतं, ज्याचा भाव कमी तोच चांगला वाटायला लागतो आणि मग बाकी सगळी माहिती आपण त्याच घोड्याच्या बाजूने वाचतो. म्हणून खाली टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा, भाव नवव्या टप्प्यात आहे आणि तो तिथेच राहू द्या.

हे सगळं ब्रिटन आणि आयर्लंडच्या जम्प रेसिंगबद्दल, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या घोड्यांच्या शर्यतींबद्दल आहे आणि इकडे राहणाऱ्या, १८ पूर्ण झालेल्या, मैदानावर जाऊन रेस बघणाऱ्या लोकांसाठी आहे. भारतात बसून इथल्या साइटवर पैसे कसे लावायचे हे यात नाही आणि ते मी सांगणारही नाही.

## मुंबई-पुण्याची सवय आधी बाजूला ठेवा

माझे सासरे महालक्ष्मीचे जुने जाणकार. इकडे आले होते तेव्हा एका जानेवारीत त्यांना वेल्समधल्या चेपस्टोच्या मैदानावर घेऊन गेले, बाहेर बारीक पाऊस, बाबांनी रेसकार्ड हातात घेतलं, चष्मा लावला, दोनदा वरखाली बघितलं आणि विचारलं, "अगं, ड्रॉ कुठे लिहिलाय?" ड्रॉ, म्हणजे स्टार्टिंग गेटमधला कुठला कप्पा मिळाला ते, नसतोच इथे. स्टार्टिंग गेट नाही, घोडे दोरीपाशी गोळा होतात, स्टार्टरने सोडलं की निघाले. मग त्यांनी सगळ्यात वेगवान दिसणारा घोडा निवडला, दोन मैलांवर कोरड्या मैदानात जिंकलेला, आणि रेस होती तीन मैलांची, चिखलात. तो शेवटून तिसऱ्या फेन्सपर्यंत (उडी मारायचा अडथळा) मस्त आला आणि तिथून पाय जड झाले ते झालेच, चालत आल्यासारखा शेवटून दुसरा आला. बाबांची नजर कच्ची नाही, घोडा चांगलाच होता, पण ते उत्तर वेगळ्या प्रश्नाचं होतं.

तर तीन गोष्टी विसरा: ड्रॉ, निव्वळ वेग, आणि तरुण घोडा म्हणजे चांगला घोडा हे गणित. डर्बीला चार वर्षांचे घोडे बघायची आपल्याला सवय, इथे चेस (उंच फेन्सवरून उड्या मारायची रेस) धावणारा घोडा आठ-नऊ वर्षांचा असताना भरात असतो आणि ग्रँड नॅशनल या सगळ्यात नावाजलेल्या चेसमध्ये तर सात वर्षांखालच्या घोड्याला प्रवेशच नाही.

## टप्पा १: आदल्या संध्याकाळची तयारी

धावणाऱ्या घोड्यांची पक्की यादी बहुतेक मीटिंगला आदल्या दिवशी सकाळी लागते. त्यामुळे तीन दिवस आधी अभ्यास करण्यात अर्थ नाही, निम्मे घोडे येतच नाहीत. आदल्या संध्याकाळी तासभर काढा. एक वही, एक पेन, आणि रेसिंग पोस्टची साइट किंवा पेपर. जमलं तर रीप्ले बघायची सोय.

दिवसाला सहा-सात रेस असतात. सगळ्या खेळायच्या नाहीत, दोन किंवा तीन निवडायच्या, आणि कुठल्या सोडायच्या हे आधी ठरवायचं. मी सोडते त्या अशा: वीस-बावीस घोड्यांची हँडिकॅप (चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन सगळ्यांना बरोबरीत आणायची रेस), ज्यात निम्मे घोडे पहिल्यांदाच उड्या मारणार आहेत अशी रेस, आणि दिवसाच्या शेवटी असते ती बंपर, जिच्यात उड्याच नसतात आणि बहुतेक घोड्यांचा मागचा रेकॉर्डही नसतो. मी घेते त्या अशा: आठ ते बारा घोडे, अडीच-तीन मैलांची हँडिकॅप चेस, सगळे घोडे किमान सात-आठ वेळा धावलेले. अशा रेसमध्ये वाचायला काहीतरी असतं.

पैसे पण आदल्या संध्याकाळी ठरवा. गेले तरी चालतील एवढी रक्कम, रोख, वेगळ्या पाकिटात, आणि कार्ड गाडीत. हे पाकीट दुपारी तीनला रिकामं झालं तर उरलेल्या रेस नुसत्या बघायच्या.

थांबा: रेसचं कार्ड बघताना भावाचा कॉलम कागदाने झाकून ठेवा. खरंच झाका. फोनवर असाल तर भाव न दाखवणारं पान उघडा.

## टप्पा २: रेस कुठल्या प्रकारची आहे ते लिहा

प्रत्येक निवडलेल्या रेससाठी वहीत वर चार गोष्टी लिहायच्या: हर्डल का चेस, अंतर किती, हँडिकॅप आहे का, आणि नॉव्हिस आहे का.

हर्डल म्हणजे कमीत कमी साडेतीन फुटांचा हलका अडथळा, घोड्याचा पाय लागला तर तो झुकतो, त्यामुळे थोडी गचाळ उडी खपून जाते. चेसची फेन्स कमीत कमी साडेचार फुटांची, फांद्यांची दाट बांधलेली, आणि काही फेन्सच्या अलीकडे चर असतो. हर्डलला भारी असलेला घोडा चेसला भारी असेलच असं अजिबात नाही. बरेच लोक घोड्याचे जिंकलेले आकडे मोजतात आणि ते हर्डलचे होते का चेसचे हे बघतच नाहीत, ही मी बघितलेली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक.

नॉव्हिस म्हणजे हा सीझन सुरू होईपर्यंत त्या प्रकारची एकही रेस न जिंकलेला घोडा.

अंतराचा अंदाज यावा म्हणून: एक मैल म्हणजे आठ फर्लाँग, एक फर्लाँग साधारण २०० मीटर. इंडियन डर्बी २४०० मीटरची. चेल्टनहॅमचा गोल्ड कप ३ मैल अडीच फर्लाँगचा, म्हणजे ५.३ किलोमीटर आणि वाटेत २२ फेन्स. एन्ट्री (Aintree) या मैदानावरची ग्रँड नॅशनल ६.९ किलोमीटर आणि ३० फेन्स. एवढ्या लांब पल्ल्यात दमाचा घोडा आणि वेगाचा घोडा यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो.

तपासा: हा घोडा याच प्रकारात, या अंतराच्या दोन फर्लाँग इकडेतिकडे, कधी पहिल्या तिनात आलाय का? कार्डावर डी असेल तर हे अंतर जिंकलाय, सी असेल तर हा कोर्स जिंकलाय, सीडी म्हणजे दोन्ही एकाच वेळी.

## टप्पा ३: मैदान किती मऊ आहे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मला विचाराल तर निम्मे घोडे इथेच कटतात.

मैदानाची स्थिती म्हणजे गोइंग. कोरड्याकडून ओल्याकडे क्रम असा: फर्म, गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी. आयर्लंडमध्ये मधल्या पायरीला यील्डिंग म्हणतात. जम्पचा मुख्य सीझन ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे पावसाचा, त्यामुळे सॉफ्ट आणि हेवी नेहमीचंच. हेवी म्हणजे नांगरलेल्या वावरात पाऊस पडून गेल्यावर चालून बघा, तसं. प्रत्येक पावलाला पाय ओढून काढावा लागतो, काही घोड्यांना ते चालतं, काहींना एका मैलात नको होतं.

आता करायचं काय, तर प्रत्येक घोड्याच्या मागच्या सगळ्या रेसची यादी उघडायची आणि फक्त गोइंगचा कॉलम आणि नंबराचा कॉलम शेजारी शेजारी वाचायचे. बाकी काही नाही. गुडवर १, २, १ आणि सॉफ्टवर ६, ८, पी (पी म्हणजे मधेच थांबवला) असं दिसलं तर चिखलाच्या दिवशी तो घोडा कटला, मग तो कोणाचाही असो. सॉफ्टवर कधी धावलाच नसेल तर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह, काट नाही. उलटंही तितकंच खरं, एप्रिलमध्ये मैदान सुकलं की हिवाळाभर चिखलात जिंकलेला घोडा इतरांच्या मागे फरफटतो, आणि लोक "शेवटच्या तीन रेस जिंकलाय" म्हणून त्यालाच लावतात.

गोइंग सकाळी जाहीर होतं आणि दिवसभरात बदलतं. पाऊस आला तर बदलतं, सहा रेस त्याच पट्ट्यावरून पळाल्या तरी बदलतं. आणि जाहीर झालेलं तंतोतंत बरोबर असतंच असं नाही. म्हणून पहिली रेस कधी खेळू नका, ती मैदान वाचायला ठेवा. रेस संपली की दोन गोष्टी बघा. एक, निकालात वेळ स्टँडर्डपेक्षा किती सेकंद स्लो आली: दोन मैलांना दहा-बारा सेकंद स्लो असेल आणि ते "गुड" म्हणत असतील तर विश्वास ठेवू नका (अर्थात सगळे मुद्दाम हळू पळाले का तेही बघावं लागतं, कधीकधी जॉकी पहिला मैल अगदी रमतगमत नेतात). दुसरं, परत येणाऱ्या जॉकींच्या पांढऱ्या पँटी बघा. पुढे पळालेल्याची पँट पण गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली असेल, आणि घोड्यांच्या पोटाखाली चिखलाचे गोळे लोंबत असतील, तर मैदान जाहीर झालंय त्यापेक्षा ओलं आहे. नुसते बारीक शिंतोडे असतील तर बरं आहे. हे रेलिंगपाशी उभं राहून दोन मिनिटांत कळतं.

थांबा: पाऊस पडला की काही ट्रेनर घोडे काढून घेतात. दुपारी मैदानावर पोचलात की सगळ्यात आधी नॉन-रनरची यादी बघा, नाहीतर रात्रीचं गणित फुकट.

## टप्पा ४: कोर्स

प्रत्येक मैदानाचा स्वभाव वेगळा. चार प्रश्न विचारायचे: डावीकडे वळतं का उजवीकडे, सपाट आहे का चढउताराचं, वळणं घट्ट आहेत का ऐसपैस, आणि शेवट चढावर आहे का.

चेल्टनहॅम डावीकडे वळतं, चढउताराचं, आणि शेवटची उडी झाली की जीव काढणारा चढ. तिथे शेवटच्या फेन्सला पहिला असलेला घोडा चढावर तिसरा होताना मी कितीतरी वेळा बघितलाय. फेस्टिव्हलला मंगळवार-बुधवार ओल्ड कोर्स आणि गुरुवार-शुक्रवार न्यू कोर्स असतो, न्यू कोर्सला दम जास्त लागतो. केम्प्टन उजवीकडे, सपाट, वळणं घट्ट, तिथे पटपट उडी मारून पुढे राहणाऱ्याला फायदा. सँडाउन उजवीकडे, मागच्या सरळ पट्टीवर रेल्वेलाइनच्या कडेला तीन फेन्स एकामागोमाग एक येतात, पहिली चुकली की पुढच्या दोन्हींची लय बिघडते, आणि शेवट परत चढावर. चेपस्टो डावीकडे, लाटांसारखं वरखाली, डिसेंबरअखेरची वेल्श ग्रँड नॅशनल तिथेच होते आणि बहुतेक वेळा चांगल्याच चिखलात.

डावं-उजवं हा प्रकार लोक हसण्यावारी नेतात. काही घोडे उडी मारताना एका बाजूला सरकतात. उजवीकडे सरकणारा घोडा डावीकडे वळणाऱ्या मैदानावर दर फेन्सला दोन-तीन फूट बाहेर जातो, वीस फेन्स धरा म्हणजे किती जमीन फुकट गेली बघा. डेझर्ट ऑर्किड हा पांढरा घोडा उजव्या मैदानांचा राजा होता, केम्प्टनची किंग जॉर्ज चार वेळा जिंकला, आणि डाव्या मैदानावर त्याला अवघड जायचं. १९८९ मध्ये चेल्टनहॅमचा गोल्ड कप तो चिखलाबर्फात जिंकलाच, पण तो डेझर्ट ऑर्किड होता. तुमच्या मंगळवारच्या हँडिकॅपमधला घोडा तसा नसतो.

रेसच्या वर्णनात "जम्प्ड राइट" किंवा "जम्प्ड लेफ्ट" असं लिहिलेलं असतं, तेवढं शोधा.

तपासा: हिवाळ्यात सूर्य खाली आला की घोड्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणून काही फेन्स गाळतात. घोषणा नीट ऐका. उड्या कमी झाल्या की चांगल्या उडीच्या घोड्याचा फायदा गेला आणि सपाटीवर वेगवान असलेल्याला मिळाला, अशा वेळी मी सरळ ती रेस सोडते.

## टप्पा ५: फॉर्म, आणि त्यातली अक्षरं

घोड्याच्या नावापुढे आकडे असतात, डावीकडचा जुना, उजवीकडचा ताजा. मधली आडवी रेघ म्हणजे सीझन बदलला, तिरकी रेघ म्हणजे त्याहूनही जुनं. शून्य म्हणजे दहावा किंवा त्याच्या मागे. एफ म्हणजे पडला, यू म्हणजे जॉकी खाली आला, पी म्हणजे जॉकीने मधेच थांबवला, बी म्हणजे दुसऱ्या कोणामुळे पडला, आर म्हणजे उडीच नाकारली.

बहुतेक लोक एफ दिसला की घोडा सोडतात आणि पी कडे लक्षच देत नाहीत. करायचं बरोबर उलटं.

एफ दिसला तर विचारा, कुठे पडला आणि पडताना काय चाललं होतं? २०२२ च्या चेल्टनहॅमला गॅलोपिन दे शाँ हा घोडा टर्नर्स नॉव्हिस चेसमध्ये शेवटच्या फेन्सला पडला. पडला तेव्हा तो सगळ्यांच्या कितीतरी पुढे होता, रेस संपल्यातच जमा होती. कागदावर फक्त "एफ". त्याच घोड्याने पुढे २०२३ आणि २०२४ चा गोल्ड कप घेतला. तो एफ कुठल्याही विजयापेक्षा जास्त सांगत होता. आता दुसरी बाजू. २०२५ च्या चॅम्पियन हर्डलला सगळ्यांचा लाडका कॉन्स्टिट्यूशन हिल मधेच पडला, आणि मग शेवटच्या हर्डलला पुढे असलेला स्टेट मॅन पण पडला, आणि २५/१ ची गोल्डन एस जिंकली. कॉन्स्टिट्यूशन हिल त्यानंतर एप्रिलमध्ये एन्ट्रीलाही पडला. एकदा पडणं हा अपघात असू शकतो, लागोपाठ पडणं म्हणजे उडीत किंवा मनात काहीतरी बसलंय, आणि तसा घोडा कमी भावात घेऊ नये.

पी मात्र गंभीर. जॉकी उगाच थांबवत नाही. दम संपला, श्वास अडकला, पाय दुखला, मैदान आवडलं नाही, काहीतरी झालंच. पी नंतर लगेचच्या रेसला मी घोडा घेत नाही, अपवाद एकच, कारण स्पष्ट असेल तर, म्हणजे हेवीवर पी आणि आज गुड.

रीप्ले बघायची असेल तर पूर्ण बघू नका, वेळ जातो. तुमच्या घोड्याची शेवटची रेस लावा आणि फक्त शेवटच्या चार उड्या बघा. थकलेला असताना उडी कशी मारतोय? फेन्सच्या तीन पावलं आधी पाय मोजून बरोबर जागी येतोय का गडबडून जवळ जाऊन आपटतोय? उतरल्यावर लगेच पळायला लागतो का एक क्षण अडखळतो? ताजा असताना सगळेच सुंदर उडतात, खरा जम्पर दमल्यावर कळतो.

थांबा: कितीही चांगला घोडा असला तरी उडी ही उडी आहे. २०१५ ला ॲनी पॉवर ही घोडी मेअर्स हर्डलमध्ये पुढे असताना शेवटच्या हर्डलला पडली आणि त्या दिवशी आयर्लंडचे ट्रेनर विली मलिन्स यांचे चारही फेव्हरिट (सगळ्यात कमी भावाचे घोडे) एकत्र धरून लावलेल्या कितीतरी लोकांचे पैसे एका उडीत गेले. म्हणून चार-पाच फेव्हरिट एकात एक गुंफून लावायचा मोह जम्प रेसिंगमध्ये धरूच नका.

## टप्पा ६: वजन आणि मार्क

हँडिकॅपमध्ये प्रत्येक घोड्याला अधिकृत रेटिंग असतं, लोक त्याला मार्क म्हणतात. एक पॉइंट म्हणजे एक पौंड वजन. चांगल्या घोड्याला जास्त वजन, कमकुवताला कमी. वजन स्टोनमध्ये लिहितात, १ स्टोन म्हणजे १४ पौंड. वहीत दोनच आकडे हवेत: आजचा मार्क, आणि मागच्या वेळी जिंकला तेव्हाचा मार्क. आज मार्क त्या वेळेपेक्षा कमी किंवा तेवढाच असेल आणि मैदान-अंतर जुळत असेल तर घोडा लक्षात ठेवायचा. जिंकल्यावर दहा पौंड वर गेला असेल तर आता तो अजून सुधारतोय का हे विचारायचं.

लांब पल्ल्याला साधारण एक पौंड म्हणजे एक घोड्याची लांबी असा ढोबळ हिशोब धरतात. चिखलात हा हिशोब ताणला जातो, जास्त वजनाला चिखल जास्त भोवतो.

शिकाऊ जॉकी असेल तर नावापुढे कंसात ७, ५ किंवा ३ असतं, तेवढे पौंड कमी होतात. फायदा आहे, पण वीस फेन्सच्या चेसमध्ये अनुभव की पाच पौंड, मी अनुभव घेते. हँडिकॅप नसलेल्या रेसमध्ये घोड्यांसोबत धावणाऱ्या घोडीला ७ पौंडांची सूट मिळते, ती विसरू नका.

## टप्पा ७: तबेला, जॉकी, आणि अंगावरचं सामान

इथे फार वेळ घालवू नका. ट्रेनरचे घोडे गेल्या दोन आठवड्यांत बरे पळतायत का एवढंच बघा, सगळेच शेवटी येत असतील तर तबेल्यात खोकला-ताप फिरत असतो. एका ट्रेनरचे तीन घोडे एकाच रेसमध्ये असतील, मलिन्सच्या बाबतीत हे नेहमीचं, तर तबेल्याचा मुख्य जॉकी कुठल्या घोड्यावर बसलाय ते बघा, पण त्यालाच देव मानू नका, त्यांची निवडही चुकते.

घोड्याच्या नावापुढे बारीक अक्षरं: बी म्हणजे ब्लिंकर्स (डोळ्यांच्या बाजूची झापडं), पी चीकपीस (गालांवरचे लोकरीचे पट्टे), एच हूड (कान झाकणारी टोपी), टी टंग-टाय (जीभ बांधायची पट्टी), आणि शेजारी १ असेल तर पहिल्यांदाच लावलंय. हा पी फॉर्ममधल्या पी पेक्षा वेगळा, गोंधळ करू नका. २०१८ पासून घोड्याच्या श्वासनलिकेचं ऑपरेशन झालं असेल तर ब्रिटनमध्ये ते जाहीर करावं लागतं, डब्ल्यूएस असं लिहिलेलं असतं. मागे "छान आला आणि अचानक थांबला" असा घोडा ऑपरेशननंतर पहिल्यांदा धावत असेल तर तो परत एकदा वाचण्यासारखा.

## टप्पा ८: काट मारायची, आणि मग पॅडॉक

आता वही समोर घ्या आणि घोडे कापा. समजा चेपस्टोला तीन मैलांची हँडिकॅप चेस आहे, सॉफ्ट, नऊ घोडे. एक नंबर शेवटच्या दोन रेस जिंकलाय, दोन्ही केम्प्टनला, गुडवर: मैदान वेगळं, कोर्स वेगळा, कटला. दोन आणि पाच नंबर अडीच मैलांच्या पुढे कधी टिकले नाहीत, वर्णनात दरवेळी "वीकन्ड", म्हणजे शेवटी दम संपला: कटले. तीनच्या नावापुढे ताजा पी आणि कारण कळत नाही: कटला. आठ आणि नऊ वजनाच्या तळाला आहेत पण चेस एकदाही जिंकलेले नाहीत: माझ्या मते कटले. उरले तीन. चार नंबर सॉफ्टवर दोनदा जिंकलाय, डाव्या मैदानावर, मार्क शेवटच्या विजयापेक्षा चार पौंड खाली, मागच्या रेसला अडीच मैलांवर चौथा पण शेवटी जवळ येत होता. सहा नंबर दमदार पण उडीला कच्चा. सात नंबर सगळ्यात भारी घोडा पण सव्वा वर्षाने धावतोय. चार नंबर वर, सहा-सात खाली.

हे घरी झालं पाहिजे. मैदानावर गोंगाटात, चहाचा कप हातात धरून, रेसला दहा मिनिटं असताना हे होत नाही.

रेसच्या वीस मिनिटं आधी पॅडॉकवर (रेसआधी घोडे फिरवून दाखवतात ती जागा) जा, बारच्या रांगेत नाही. उरलेल्या तिघांनाच बघायचं. चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्या पुढे पडतोय का, पाठ मोकळी हलतेय का. कातडी थंडीतही चमकतेय का. मानेवर थोडा घाम चालतो, पण मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस, सतत तोंड वर झटकणं, दोन-दोन माणसांना ओढत चालणं, असा घोडा रेस पॅडॉकमध्येच पळून टाकतो. मात्र काही घोडे नेहमीच घामाघूम होतात आणि तरी जिंकतात, म्हणून आधी बघितलेला घोडा असेल तर त्याच्याच जुन्या रूपाशी तुलना करा. बरेच दिवसांनी धावणाऱ्याचं पोट बघा, बरगड्यांची पुसट रेघ दिसली पाहिजे. गोल गरगरीत दिसला तर अजून एक रेस त्याला अंग हलकं करायला लागणार. आमच्या उदाहरणातला सात नंबर इथेच बहुतेक वेळा बाद होतो.

मग ते स्टार्टकडे जाताना पाय बघा. गुडघा उंच उचलून टाकणारा चिखलात बरा, जमिनीलगत सरपटत जाणारा कोरड्यात. रेस सुरू व्हायच्या आधी घोड्यांना पहिली उडी जवळून दाखवायला नेतात, तिथे कोण शांत उभा राहतो तेही दुर्बिणीतून दिसतं.

थांबा: पॅडॉकमध्ये नवीन घोडा निवडायचा नाही. पॅडॉक फक्त नाही म्हणायला आहे. घरी कापलेला घोडा इथे देखणा दिसला म्हणून परत यादीत घेतला की अख्खा अभ्यास वाया.

## टप्पा ९: आता भाव

आता कागद काढा. ४/१ म्हणजे एक पौंडाला चार मिळणार आणि आपला एक परत. भावाची टक्केवारी काढायची पद्धत: उजवा आकडा भागिले दोन्हींची बेरीज. ४/१ म्हणजे पाचात एक, २० टक्के. ५/२ म्हणजे सातात दोन, साधारण २९. ६/४ म्हणजे दहात चार, ४०. इव्हन्स म्हणजे ५०.

भाव बघायच्या आधी वहीत आपला घोडा जिंकण्याची शक्यता शंभरपैकी किती ते लिहा. चार नंबरला मी ३० दिले. बोर्डावर ४/१ आहे, म्हणजे बुकी २० म्हणतोय आणि मी ३०, घ्यायचा. बोर्डावर ६/४ आहे, म्हणजे ४०, सोडायचा, तोच घोडा, तोच अभ्यास, तरी सोडायचा. इथे लोकांना सगळ्यात जड जातं. जिंकायची शक्यता असलेला घोडा आणि घेण्यासारखा घोडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्या घोड्यांची टक्केवारी मिळवलीत तर ती शंभरच्या वर जाते, तो वरचा भाग बुकीचा, म्हणून तुमचा आणि त्याचा आकडा जवळपास सारखा असेल तरी सोडा.

ईच-वेबद्दल दोन शब्द, कारण इथे पैसे नकळत जातात. पाच पौंड ईच-वे म्हणजे दहा पौंड लागतात, पाच विनला (पहिला आला तर) आणि पाच प्लेसला (पहिल्या दोन-तिनात, कधी चारात आला तर). नेहमीचे नियम: पाच ते सात घोडे असतील तर पहिले दोन, पाव भावाने. आठ किंवा जास्त असतील तर पहिले तीन, एक पंचमांश भावाने. हँडिकॅपमध्ये बारा ते पंधरा असतील तर पहिले तीन पाव भावाने, सोळाच्या वर पहिले चार. चारपर्यंत घोडे असतील तर फक्त विन. आता १०/१ चा घोडा तिसरा आला, एक पंचमांश भावाने, तर प्लेसच्या पाचाचे पंधरा होतात, दहा लावून पंधरा, बरं. ३/१ चा तिसरा आला तर दहा लावून आठ हातात. त्यामुळे कमी भावाच्या घोड्यावर ईच-वे लावणं म्हणजे प्लेस मिळूनही तोटा.

तपासा: बरोबर आठ घोड्यांच्या रेसमध्ये ईच-वे लावताना सांभाळा. शेवटच्या क्षणी एक निघाला की सात उरतात आणि तिसरी जागा गेली. शिवाय तुम्ही भाव घेतल्यावर कोणी घोडा निघाला तर रूल फोरप्रमाणे जिंकलेल्या पैशातून कपात होते, फेव्हरिट निघाला तर बरीच होते. बुकीने फसवलं म्हणून भांडू नका, नियम तसाच आहे.

मैदानावरच्या बुक्यांचे बोर्ड शेजारी शेजारी असतात, एक फेरी मारा, तोच घोडा एकाकडे ७/२ आणि दोन पावलांवर ४/१ असतो. पावती हातात आली की घोड्याचा नंबर आणि भाव तिथेच उभं राहून वाचा. एकदा मी न वाचता खिशात टाकली, घोडा लागला, आणि पावतीवर नंबर शेजारच्या घोड्याचा होता. मागे लांब रांग होती, कोणीच काही करू शकलं नाही.

## टप्पा १०: रेस झाल्यावर पाच मिनिटं

जिंकलात तरी हरलात तरी, पुढची रेस बघायच्या आधी वहीत तीन ओळी. मैदान खरंच किती मऊ होतं. आपला घोडा कुठे मागे पडायला लागला, कितवी फेन्स, चढावर का वळणावर. आणि न जिंकलेल्यांपैकी कोण शेवटी जोरात येत होता पण अंतर कमी पडलं, त्याचं नाव आणि आजचा मार्क. ही नावं फोनमध्ये टाका, बऱ्याच रेसिंग ॲपमध्ये घोडा फॉलो करता येतो, तो परत कुठे धावणार असेल तर सूचना येते. मागच्या डिसेंबरात अशाच एका हेवीच्या दिवशी पाचव्या आलेल्या तपकिरी घोडीचं नाव मी असं टिपून ठेवलं होतं, शेवटून दुसऱ्या फेन्सला जवळजवळ थांबली होती आणि तरी चढावर दोघांना मागे टाकलं. सहा आठवड्यांनी ती अर्धा मैल जास्त अंतराला, दोन पौंड कमी मार्कवर, परत चिखलात आली, आणि सूचना आली तेव्हा मी भावाचा कॉलम झाकून पहिल्या टप्प्यापासून परत सुरुवात केली.